रडकी तबकडी

बोकड नेऊन पेटी आणणाऱ्या पोराला काय म्हणावं, हे भुरीबाईला अजून ठरवता आलं नव्हतं. शिव्यांची तिच्याकडे ददात नव्हती. बोरी अरबच्या बाजारात तिच्याशी भाव करायचा तर दुकानदार नोकराला पुढे करत. पण हरिसिंगचं वागणं कोणत्याच शिवीत मावेना. दारू प्यायला असता तर तोंडावर पाणी मारलं असतं. पत्ते खेळला असता तर तांड्याच्या नायकापुढे उभा केला असता. हा नुसता ऐकत बसायचा. ऐकत बसणाऱ्याला कोणत्या गुन्ह्याखाली धरायचं?

रब्बी निघाली की हरिसिंग गाडी-बैल घेऊन राजूरच्या खाणीवर लाकूड ओढायला जाई. खाणीच्या पोटात छत धरून ठेवायला खांब लागत. गेल्या उन्हाळ्यात तिथला गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि त्याच्या खानसाम्याला निरोपाच्या जेवणाला एक बोकड हवा होता. हरिसिंग मधे घरी आलेला. जाताना त्यानं आईला न विचारता घरचा बोकड गाडीत घातला. बहिणीच्या, लालीच्या सगाईसाठी भुरीबाईनं बाभळीचा पाला तोडून तोडून वाढवलेला. परत आला तेव्हा गाडीत ग्रामोफोनची, चावीची पेटी होती आणि काळ्या तबकड्यांचा एक खोका.

भुरीबाई त्यांना तवे म्हणे. "तव्यावर निदान भाकर तरी होते," ती म्हणे.

त्या तबकड्यांत ओळखीचं एक गाणं असेल तर शपथ. भजन नाही, लावणी नाही, सिनेमाचंही नाही. नुसते बाजे. साहेब लोक काय ऐकून नाचत होते देव जाणे. हरिसिंगला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यानं आपली नावं ठेवली होती. जिच्यात सूर दुडक्या चालीनं पळत ती घोडी. जिच्यात दोन पिपाण्या एकमेकींचं ऐकून न घेता बोलत ती जावा-जावा. एक बेडकी होती. तिच्यात कुठल्या तरी समुद्रातल्या बेटाचे ढोल वाजत, मधूनच बेडूक डराव-डराव करत, पाखरं ओरडत. ती पाखरं खरी नाहीत, माणसं तोंडानं आवाज काढतात, हे हरिसिंगला बोरीच्या स्टेशनावर छोट्या गाडीच्या गोवेकर गार्डानं सांगितलं. गार्डाकडेही तसल्या तबकड्या होत्या. हरिसिंग त्याला मोहाच्या झाडावरचा मध द्यायचा आणि बदल्यात एखादी तबकडी कापडात गुंडाळून, मांडीवर धरून घरी आणायचा. गाडीच्या दणक्यानं तडकेल म्हणून बैलांना पळवायचा नाही. बायकोच्या बाळंतपणाला सुईण आणायला गेला होता तेव्हासुद्धा एवढा जपून आला नव्हता.

"माणसं पाखरावानी वरडतात, अन् तू मध देऊन थे ऐकतं," भुरीबाई म्हणाली. "पळसाखाली जाऊन बस. तिथं पाखरंच पाखरावानी वरडतात. फुकट."

"याडी, थे वायलं अन् हे वायलं," हरिसिंग आईला म्हणाला.

"काय वायलं?"

तो तबकडी पुसत राहिला.

आणि एक होती रडकी. संथ चालायची. तिच्यात एकच पितळी बाजा, पण तो सरळ वाजत नसे. कोणी तरी त्याच्या तोंडावर हात ठेवतंय आणि काढतंय, ठेवतंय आणि काढतंय, असा तो दबायचा, सुटायचा. लाली घरातली सगळी कामं टाकून तिच्यासाठी येऊन बसे. आणि भुरीबाईच्या जिवाला खरा घोर लागला तो तिथं.

कारण वैशाखात लालीचं लग्न होतं. आर्णीकडच्या तांड्यातलं घर, वेतडू म्हणजे नवरामुलगा चांगला, शेत काळं. सगळं ठरलेलं. राहिला होता तो ढावलो.

पाठवणीच्या वेळी बंजारा तांड्याची पोर सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करते आणि आईबापाला, भावाला, तांड्याला हाका मारत रडत गाते. तो ढावलो. तो तिचा तिनं गायचा असतो, दुसऱ्या कुणी गाऊन चालत नाही. महिनाभर आधीपासून जाणती बाई तिला शिकवते. आणि या मुलखात जाणती बाई एकच, भुरीबाई. नवरा वारल्यावर नायकी दिराकडे, भावसिंगकडे गेली, पण ढावलो गेला नाही. दारव्ह्यापासून आर्णीपर्यंत किती तांड्यांतल्या पोरी तिच्या ओसरीवर तिच्या गळ्यात पडून रडायला शिकून गेल्या होत्या. भुरीबाईकडे शिकलेली पोर बैलावर उभी राहिली की सासरचे पुरुषसुद्धा पागोट्याच्या शेवानं डोळे टिपत. आणि जिला ढावलो येत नाही तिला सासरी जन्मभर एकच ऐकावं लागे: हिला माहेर नव्हतंच, म्हणून रडू आलं नाही.

आता भुरीबाईचीच पोर गाता गाता जांभई देत होती.

"पुन्हा म्हन," भुरीबाई तिला गळ्याशी धरून म्हणे. "माह्या बापाच्या अंगनातलं पिंपळाचं झाड, म्हन."

"आपल्या अंगनात पिंपळ कुठं हाय?"

"माह्या बापाच्या अंगनात होता."

"मंग तुह्या बापासाठी तू रडलीच न एकदा, याडी. मी कायले रडू?"

भुरीबाईनं तिला एक धपाटा घातला. लालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हां, आता म्हन," भुरीबाई म्हणाली. लालीनं म्हटलं. शब्द सगळे बरोबर, सूर सगळे बरोबर, आणि ऐकताना वाटावं की पोरगी दळणाचा हिशेब सांगतेय.

दोष पेटीचा होता, याबद्दल भुरीबाईच्या मनात शंका नव्हती. तिनं पेटी तांड्याबाहेर काढली. हरिसिंगनं ती शेतातल्या खोपीत नेऊन ठेवली, उंदीर लागू नयेत म्हणून खोका आढ्याला टांगला. भुरीबाईला वाटलं सुटलो. पण दुसऱ्या दिवसापासून भावाची भाकर शेतात पोचवायचं काम लालीनं आपल्याकडे घेतलं, आणि भाकर पोचवायला गेलेली पोर उन्हं कलल्याशिवाय परतेना.

त्या दिवसांत भुरीबाईचा पाय एका जागी ठरला नाही. मोहफुलं वाळत घातली की ती उठून तुरीच्या काड्या मोजून ठेवी, काड्या अर्ध्यात टाकून विहिरीवर जाई, विहिरीवरून पाणी न घेताच परत येई. सुनेनं विचारलं, "काय हरवलं?" तर सुनेला ऐकून घ्यावं लागलं. एकदा ज्वारी पाखडता पाखडता तिच्या लक्षात आलं की सूप बेडकीच्या ढोलावर हलतंय. तिनं सूप खाली ठेवलं, थोडा वेळ हात मांडीखाली दाबून बसली, मग उलट्या लयीत पाखडायला लागली. ज्वारी सगळी अंगणात सांडली.

एका दुपारी ती शेताकडे निघाली. पोरीला रंगेहाथ धरायचं, भावासमोर तिच्या पाठीत दोन द्यायच्या, आणि तो खोका आढ्यावरून खाली घ्यायचा. त्यापुढचं तिनं ठरवलं नव्हतं. शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत पोचली तर खोपीतून रडकीचा आवाज येत होता. दबलेला, सुटलेला, पुन्हा दबलेला. भुरीबाई बोरीच्या झाडाखाली थांबली. चावी संपत आली की बाजा सुस्तावतो हे तिला माहीत होतं. आज तो सुस्तावत नव्हता. चालला होता आपला. आणि ती आपण होऊन ऐकत उभी आहे, हे तिला कळलं तेव्हा तिला स्वतःचाच एवढा राग आला की खोपीत न जाता ती तशीच परत फिरली. वाटेत नायक भेटला.

"कुठं गेलती, भाभी?"

"कुठं नाई. शेत जागेवर हाय का पाहून राह्यली होती."

वैशाख आला. वरात आली. लग्न लागलं, जेवणं झाली, ढोल वाजून वाजून सैल पडला. भुरीबाई सगळीकडे होती आणि कुठंच बसली नव्हती. बैल सजला. शिंगांना गोंडे, पाठीवर कवड्यांची झूल. हरिसिंगनं वेसण धरली. चार बायांनी लालीला उचलून बैलाच्या पाठीवर उभं केलं. नवऱ्याकडच्या बाया एका बाजूला, सगळ्यांपुढे वेतडूची आजी रामीबाई. तोंडात दात कमी, पण होते ते चावायलाच ठेवलेले. तिच्या मागे तिची सून, म्हणजे लालीची सासू, बसंतीबाई.

लालीनं एक हात वर केला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

अंगणातलं पिंपळाचं झाड, भुरीबाईनं ओठांनी सांगितलं. लालीनं आईकडे पाहिलं, मग खाली, वेसण धरून उभ्या असलेल्या भावाकडे. दुसऱ्या हातानं तिनं ओढणीचा काठ धरला, तोंडावर घट्ट दाबला आणि सुरू केलं.

पिंपळाचं झाड नव्हतंच त्यात. भावाच्या गाडीच्या चाकाला आता तेल कोण देईल, असं ती विचारत होती. खोपीतल्या मडक्यातलं पाणी कोण बदलेल. भाकर घेऊन धुऱ्यावरून कोण येईल, आणि कुणी आलं नाही तर माझा वीरा, माझा भाऊ, वाटेकडे पाहत उपाशी बसेल का. शब्द साधे, पोरीनं जागेवर जोडलेले. पण सूर ओढणीखाली दबायचा, आणि ओढणी सुटली की घाव उघडा पडावा तसा बाहेर यायचा, वाकायचा, पुन्हा दबायचा.

भुरीबाईला धुऱ्यावरची दुपार आठवली. न सुस्तावणारा बाजा. म्हणजे ती पेटी नव्हतीच.

हरिसिंगची मान खाली गेली होती. नायकानं उपरण्यानं तोंड झाकलं. तांड्यातल्या बाया रडायचं विसरून आधी एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मग एकदम रडायला लागल्या. तेवढ्यात रामीबाईनं हात वर केला.

"थांबवा बैल."

लाली थांबली.

"इहीणबाई," रामीबाई म्हणाली, "पोरगी रडून राह्यली का पिपानी वाजवून राह्यली? ढावलो का आमी ऐकला नाई? हे पेटीतलं हाय. तुमच्या पोराच्या पेटीची गोष्ट आर्नीलोक पोचली हाय. माह्या घरी साहेबाच्या बाज्यावर रडनारी सून नोको मले. उतरवा तिले. नीट ढावलो म्हनू द्या, मंग बैल हाका."

बैलावर चढलेली नवरी तशीच खाली उतरली तर ती माहेरचीही राहत नाही आणि सासरचीही होत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं. आणि रामीबाई बोलली त्यातला शब्दन् शब्द भुरीबाई महिनाभर स्वतःच्या घरात बोलत आली होती. आता फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर भुरीबाई खरी ठरली असती, पेटी खोटी ठरली असती, आणि लाली बैलावरून खाली आली असती.

भुरीबाईनं पदर खोचला.

"रामीबाई," ती म्हणाली, "तुमी ऐकला थो गाडीच्या जमान्यातला ढावलो. हा लदेनीचा हाय."

"कायचा?"

"लदेनीचा. जवा आपले लोक बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडत, तवाचा. माह्या आजीचा. वाटेत रान, रानात लुटारू. पोर सासरी देवाची तं रडू येनार, अन् रडायचा आवाज गेला तं तांडा लुटल्या जानार. म्हनून बाया तोंडावर ओढनी धरत. रडायचं, दाबायचं. वारा दुसऱ्या बाजूले वळला का सोडायचं. पुन्हा दाबायचं. आता लुटारू नाई राह्यले, म्हनून कोनी गात नाई."

हे सगळं आपल्या तोंडून कुठून येतंय, हे भुरीबाईलाही कळत नव्हतं. पण येत होतं, आणि बरं येत होतं.

"मंग आजलोक कोनाले काहून नाई शिकवला?" रामीबाईनं डोळे बारीक केले.

"ज्या गळ्याले झेपते त्याले शिकवते मानूस. तुमच्या बसंतीले झेपला नसता, म्हनून तिले साधा शिकवला."

बसंतीबाई पदराआड हसली की रडली ते दिसलं नाही. "मले या भुरीयाडीनं साधाच शिकवलता, सासूबाई," ती म्हणाली.

"आन घे आपल्या देवाची, सेवाभायाची," रामीबाई भुरीबाईला म्हणाली. तुमीवरून ती तूवर आली होती.

भुरीबाई दोन पावलं पुढे गेली. आवाज चढवला नाही. "माह्या दारात, माह्या पोरीच्या पाठवनीत, ढावल्याची आन मले मागतं? बरं. बसंती तुह्या घरी याले निंगाली तवा तिनं म्हटलेला ढावलो कोनी शिकवला? मीच न? माह्यावर इश्वास नसन तं थोबी खोटा. मंग तिलेबी माहेरी धाड, आत्ताच. दोन्ही बैलं इथंच सजवून देतो."

कोणी तरी मागून खुदकन हसलं. रामीबाईनं तिकडे पाहिलं, मग बैलावरच्या पोरीकडे. तिचे पाय झुलीवर घट्ट होते.

"लदेनीचा म्हनतं," रामीबाई पुटपुटली. "माह्या सासूबी काईतरी सांगत होत्या लदेनीचं." आणि हाताने बैल हाकायची खूण केली.

लालीनं पुन्हा सुरू केलं. या वेळी नवऱ्याकडच्या बायाही रडल्या. बैल तांड्याच्या वेशीबाहेर गेला, पायवाटेनं वळला, पळसांमागे गेला, तरी तो आवाज दबत-सुटत येत राहिला. भुरीबाई रडली नाही. दुसऱ्यांच्या पोरींना रडायला शिकवणारी बाई स्वतःच्या पोरीच्या वेळी कोरडी उभी राहिली, असं पुढं कुणी म्हणू नये म्हणून तिनं तोंडावर पदर मात्र घेतला.

वाट रिकामी झाली आणि बाया तिच्याभोवती जमल्या. सगळ्यांत म्हातारी सुखीबाई तिचा हात धरून म्हणाली, "मी लहान होती तवा ऐकला हाय हा ढावलो. माह्या मावशीच्या तोंडचा."

"ऐकला असशीन," भुरीबाई सावधपणे म्हणाली.

"माह्या नातीचं दिवाळीनंतर हाय. तिले हाच शिकव, भुरी. तिचा गळा चांगला हाय. अन् अजून दोघी-तिघी म्हनून राह्यल्या."

भुरीबाईनं मान डोलावली. दुसरं काय करणार? मान डोलावता डोलावता तिच्या ध्यानात आलं. तिला त्यातला एकही सूर येत नव्हता.

उन्हं अजून उतरायची होती. हरिसिंग बहिणीला वेशीपर्यंत पोचवून थेट शेतात गेला होता. भुरीबाई धुऱ्यावरून आली, बोरीखाली थांबली नाही, वाकून खोपीत शिरली. तो पेटी मिटून बसला होता. आईला पाहून त्यानं खोका मागे सरकवला, कोंबडीनं पिल्लं पंखाखाली घ्यावी तसा.

"भेव नोको," भुरीबाई खाली बसत म्हणाली. "फोडाले नाई आली. थे रडकी कोनाकोनाले ऐकवली तू?"

"मी अन् लाली. अन् गार्डसाहेबानं. थे त्याहीचीच होती."

"गार्ड आपल्या लोकायशी बोलते?"

"नाई. मराठी येत नाई त्याले धड."

"चांगलं हाय."

हरिसिंगनं खोका पुन्हा पुढे ओढला. "याडी, तू समद्यायसमोर खोटं बोलली."

"खोटं नाई बोलली. पुढचं बोलली. दिवाळीलोक खरं करा लागते आता." तिनं कमरेचा बटवा काढला, सुपारी न खाताच परत खोचला. "तिले तू शिकवलं का हे? ओढनी धराचं?"

"मी काहीच नाई शिकवलं. मी चावी देत होतो, थे बसत होती. एक दिवस मी सुई बदलाले उठलो, बाजा बंद, अन् आवाज चालूच. पाहतो तं थे."

भुरीबाईला ते लागलं. तिनं महिनाभर धपाटे घालून शिकवलं तर पोरगी जांभया देत होती, आणि ज्यानं काहीच शिकवलं नाही त्याच्यापाशी बसून शिकली. असं का, हे विचारायला जागा नव्हती; पोरगी एव्हाना आर्णीच्या वाटेवर होती.

"मले तुह्यापाशी बसा लागते आता," ती म्हणाली. "या वयात. पेटीपुढं."

हरिसिंगला हसू आलं, पण त्यानं ते दाढीत लपवलं. कापड उलगडून त्यानं रडकी बाहेर काढली, दोन बोटांनी कडेला धरून. "अशी धराची, याडी. मधी हात नाई लावाचा."

"मले शिकवू नोको कसं धराचं. लाव."

तो चावी फिरवू लागला. भुरीबाईनं त्याचा हात धरून थांबवला.

"आधी ऐक. गाडीवान म्हनून तू बरा हायेस, लेक म्हनून कसातरी, अन् भाऊ म्हनून माह्यापेक्षा चांगला निंगाला. थे मले आवडलं नाई, पन झालं थे झालं. ही तबकडी आजपासून माह्या आजीची हाय. मी म्हटल्याबिगर हिले सुई लागली, अन् तांड्यात एकीच्याबी कानावर गेली, तं तुहे हात मोडीन. बाकीचे तवे तुहे, वाजव नाईतं पुरून ठेव. अन् कान म्हनशीन, तं थो माह्यावर गेला तुहा. बापावर गेला असता तं ढोलाच्या पुढं सरकला नसता. आता लाव, अन् मधी बोलू नोको."